जोडीचं काम

"सरकून बसा ना भाऊ… माह्या तेलाची कुपी सांडन."

वैनगंगेच्या डोंग्यात कुंता शेजारच्या पोराशी बोलली ते हे पहिलं वाक्य. ब्रह्मपुरीच्या बाजारात निघालेली माणसं दाटीवाटीनं बसली होती. त्या पोराच्या काखेत वस्तऱ्याची धोकटी होती आणि तिच्या मांडीवर फणी, तेल, शिकेकाईची पिशवी.

तो सरकला, पण पिशवीत डोकावलाच. "न्हावीन होय का तू?"

"मंग काय कोतवालीन दिसून राह्यली?"

तो हसला. हसताना त्याचा एक डोळा बारीक व्हायचा. उतरेपर्यंत कुंताला त्याचं नाव कळलं होतं, इसरू. आणि तो डोळा काही केल्या विसरला जाईना.

आईचे गुडघे धरले तेव्हापासून घरोघरी नहाणी-वेण्यांची कामं कुंताच करायची. इसरूही तसाच, गावोगाव हिंडणारा. कोणाचा हुकूम नाही, मन येईल तिकडची वाट. बाजाराच्या दिवशी तो चिंचेखाली बसायचा. शेवटचं गिऱ्हाईक उठलं की कुंता तिकडून सहज गेल्यासारखी जायची, आणि तो आरसा तिच्यापुढं धरायचा.

"पाह्य… टिकली वाकडी झाली."

टिकली कधीच वाकडी नसायची. तरी ती आरशात बघत बोटानं नीट करायची आणि हा आरशाच्या वरून तिला बघायचा.

पण मोटार स्टँडावर नीलाबाईनं चहाची टपरी टाकली आणि सगळं बिघडलं.

नीलाबाईकडं चार गावची माणसं टेकायची. कुठं लग्न, कुठं जंगलात बांबूतोडीचा मुक्काम, सगळी खबर तिला आधी. न्हावी हवा असला की लोक तिलाच सांगायचे. ती माणूस धाडायची आणि कमाईत आपला वाटा ठेवायची. बाई नवऱ्यामागं एकटीनं उभी राहिलेली, उंचीपुरी, हसली की टपरी दणाणायची. नेमकं तेच हसू कुंताच्या डोक्यात जायचं.

"नीलाबाई म्हन्ते, तिच्याकडून कामं घे," इसरू म्हणाला. "उन्हातान्हात दारोदार इचारत फिराचं काम नाई."

"आन आपल्या नेहमीच्या बांधलेल्या घरांचं काय? तुही वाट पाहून दुसऱ्याले बोलावतीन. उद्या तिनं म्हटलं तिकडं लांब अहेरीले जा, त जाशील?"

"काम असन त जाईन."

"मंग तू न्हावी नाई राह्यला. तिचा गडी झाला."

"येवढी काऊन चिडून राह्यली?"

"मी कुठी चिडली? धंद्याचं सांगून राह्यली."

धंद्याचं तिनं खरंच सांगितलं होतं. पण नीलाबाईच्या जागी एखादा बोळक्या तोंडाचा म्हातारा असता, तर तिनंच इसरूला हाताला धरून नेलं असतं. हे तिला पुरतं ठाऊक होतं, म्हणून तर राग जास्त.

पुढच्या बाजाराला चिंचेखाली इसरू नव्हता. कुंता टपरीकडं वळली आणि जागच्या जागी थांबली. इसरू नीलाबाईपुढं आरसा धरून उभा होता. ती मान वाकडी करून त्यात बघत होती, हसत होती. आणि त्याचा तो डोळा… बारीक झाला होता.

कुंताच्या अंगाचा तिळपापड झाला. गिऱ्हाइकांना तो आरसा दाखवतो, ते वेगळं. पण असा हसून? ती तशीच घरी गेली, आईशी विनाकारण भांडली, भात करपवला. पुढच्या बाजाराला गेलीच नाही. त्याच्यापुढच्या बाजाराला मात्र पदर खोचून थेट टपरीत शिरली. आज त्या बाईला चार शब्द सुनवायचेच.

ती तोंड उघडणार, तोच नीलाबाई म्हणाली, "ये बाई, बस. तू कुंता ना? इसरूची बाई?"

कुंता चारही शब्द विसरली. "कोन… कोनाची?"

"परसोडीचं लग्न हाये. न्हावी नवरदेवामांगं आन त्याची न्हावीन नवरीले नहाण घालाले. जोडीच लागते लग्नघरी. मी म्हटलं, तू त एकटा, दुसऱ्याले धाडते. त म्हन्ते कसा, माही बाई हाये, कुंता, तिच्यासारखी वेणी चार गावात कोनी घालत नाई." नीलाबाईनं तिचा चेहरा निरखला आणि गळ्याकडं नजर नेली. गळ्यात काही नव्हतं. "अस्सं," ती म्हणाली, आणि टपरी दणाणली.

इसरू मागं उभा होता. कानाच्या पाळ्या लाल.

कुंता त्याला ओढतच चिंचेखाली घेऊन गेली. "मले न इचारता मले बायको करून टाकली?"

"दुसरी जोडी धाडून राह्यली होती ती… मले तुह्याशिवाय जाचं नव्हतं."

"आन तिले आरसा काऊन दाखवत होता? हसून हसून?"

इसरूनं धोकटीतून फडक्यात गुंडाळलेलं काही काढलं. नवा आरसा, काठाला पितळी पट्टी. "हा दाखवत होतो. नवरीपुढं धराले तुह्याकडं आरसा नाई ना… बाईमानसाले आवडन का, म्हनून इचारलं."

कुंतानं आरसा घेतला. त्यात तिचा तापलेला चेहरा दिसला, आणि तिची तिलाच लाज वाटली. एवढे दिवस ती जळत होती ते आपल्याच आरशावर. पण इतक्या लवकर वाकायची सवय तिला नव्हती.

"पाह्य, नीलाबाईनं कामं आनावे, तिचा वाटा तिनं घ्यावा," ती म्हणाली. "पन आपले बांधलेले घरं सोडाचे नाई. आन जे काम नाई पटलं, त्याले नाई म्हनाचा हक आपला."

"कबूल." तो घुटमळला. "मंग… परसोडीच्या कामाले काय सांगू? नाई म्हनू?"

तिनं आरशात एकदा बघून घेतलं. मग तिनं आरसा त्याच्या हाती दिला आणि त्याच्यापुढं नीट बसली.

"लग्न कवाचं हाये परसोडीचं?"

"पंचमीले."

"मंग माह्या आईले आजच भेट. लग्नघरी खोटी जोडी नाई चालत." आणि गाल लपवायला मान खाली घालत ती म्हणाली, "पयले पाह्य… टिकली वाकडी झाली का?"

त्या दिवशी ती खरंच वाकडी होती. इसरूनं आरसा बाजूला ठेवला आणि ती बोटानं सरळ केली.