शेपटीतला खलबत्ता

आबांनी लांब दांड्याचा झाडू एका बोटावर आडवा तोलून धरला आणि विचारलं, "माझं बोट आहे नेमक्या त्याच जागी हा झाडू करवतीनं कापला, तर दोन तुकड्यांतला जड कोणता?"

"हे काय विचारणं झालं?" शाल्मली म्हणाली. "तोल साधलाय, म्हणजे दोन्ही सारखेच असणार."

शेजारी आरामखुर्चीत रेललेला निहार म्हणाला, "मला नाही तसं वाटत. झुपक्याकडचा तुकडा जड असेल. तो बोटाच्या जवळ आहे ना."

आबांनी खरोखरच झाडू कापला (घरात त्यावरून पुढे बराच आरडाओरडा झाला, पण ते नंतर) आणि तुकडे काट्यावर ठेवले. निहारचं बरोबर निघालं. झुपक्याकडचा आखूड तुकडा लांब दांड्यापेक्षा चांगला दुपटीनं जड भरला.

"शाब्बास रे पठ्ठ्या!" म्हणत आबांनी निहारची पाठ थोपटली.

शाल्मलीच्या अंगाचा तिळपापड झाला. गेलं वर्षभर ही शाबासकी एकट्या तिची होती.

ओझरजवळच्या त्यांच्या द्राक्षबागेत बेदाणे वाळवायची एक जुनी शेड होती. विमानांची आरेखनं करण्यात आबांचा, म्हणजे तिच्या आजोबांचा, जन्म गेला होता आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी त्या शेडमध्ये एक विमान बांधायला घेतलं होतं. १९३२ साली कराचीहून टपाल घेऊन निघालेलं एक छोटंसं विमान मुंबईला जुहूला उतरलं होतं. त्याची जात पुस मॉथ. एकच इंजीन, तेही नाकात, आणि डोक्यावर छत्रीसारखे धरलेले पंख. आबांची प्रतिकृती खऱ्याच्या चौथ्या हिश्श्याएवढी होती, म्हणजे एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत दोन-तीन मुलं हात पसरून ओळीनं उभी राहावीत एवढी. पंखांतली हलक्या लाकडाची प्रत्येक फासळी शाल्मलीनं घासली होती. फासळ्यांवर ताणून बसवलेलं कापडही तिनंच चिकटवलं होतं. शाळेतून आल्यावर आधी शेड, मग खाणं, असा तिचा वर्षभराचा नेम होता.

आणि मग निहार आला.

निहार म्हणजे वृंदाआत्याचा मुलगा, शाल्मलीचा आतेभाऊ. चंद्रावरच्या वस्तीत जन्मलेला आणि तिथेच वाढलेला. पृथ्वीवर तो पहिल्यांदाच येत होता. चंद्राची ओढ पृथ्वीच्या ओढीच्या सहाव्या हिश्श्याएवढीच, त्यामुळे इथे उतरल्याबरोबर त्या बिचाऱ्याला स्वतःचंच अंग सहापट जड झालं. त्यानं आधारपोशाख (गुडघ्यांना आणि कमरेला छोट्या मोटारींचा टेकू देणारा पोशाख) घातला होता. तो चमचा खाली पडला तरी दचकायचा, कारण त्याच्या मते इथे वस्तू पडत नव्हत्या, आदळत होत्या. झालं, सगळं घर त्याच्या दिमतीला लागलं. त्याचं ताट उचल, त्याला उशी दे, त्याला दुपारी झोपू दे.

"त्याचं ताट मीच का उचलायचं?" शाल्मलीनं विचारलं, तर आई म्हणाली, "अगं, पाहुणा आहे तो."

आत्यानं त्याच्याबरोबर चंद्रावर पिकवलेल्या टोमॅटोंचा डबा पाठवला होता. आईनं तो रिकामा केला, धुतला आणि लगेच बेदाणे भरून त्याच्या सामानात ठेवला. "कुणाचा डबा रिकामा परत द्यायचा नसतो," तिनं निहारला सांगितलं. निहारला या नियमाची फार गंमत वाटली. हा कोणत्या शास्त्रातला नियम, असं तो दिवसभर ज्याला त्याला विचारत होता आणि सगळे कौतुकानं हसत होते. शाल्मलीला त्यात हसण्यासारखं काही सापडलं नाही.

हे सगळं तिनं गिळलं असतं. पण एका सकाळी आबांनी जाहीर केलं, "विमान निहारबरोबर चंद्रावर जाणार. तिथल्या घुमटात आपल्यासारखीच हवा भरलेली आहे, पण तिथल्या पोरांनी उडणारं विमान कधी पाहिलेलं नाही."

घासून घासून बोटांची सालं तिची निघाली होती आणि विमान मात्र त्याचं होणार होतं. तिला निहारचा इतका हेवा वाटला, की त्या दिवशी तिला त्याचं हसणंसुद्धा आगाऊ वाटायला लागलं.

आबांच्या शेडमध्ये एक रिवाज होता. विमानाचं कापड कायमचं बंद करण्याआधी, ज्यानं ज्यानं काम केलं त्यानं आपली एक वस्तू आत ठेवायची. निहारनं त्याच्या घराबाहेर वेचलेला चंद्रावरचा एक दगड काढून दिला. आबांनी तो तळहातावर जोखला आणि विमानाच्या नाकात, इंजिनाशेजारी पक्का बसवला.

"आणि माझी वस्तू?" शाल्मलीनं विचारलं.

"तुझं नंतर बघू. घाई नको," आबा म्हणाले आणि पुन्हा पान्याशी खेळायला लागले.

नंतर बघू! दोन दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याला थेट नाकात जागा, आणि तिला नंतर बघू! त्या दुपारी निहार झोपला आणि आबा गावात गेले, तेव्हा शाल्मलीनं आपल्या भातुकलीतला पितळी खलबत्ता काढला. तो तिच्या आजीचा होता, मुठीत मावेल एवढाच, पण भरीव. तिनं मुद्दाम तोच निवडला, कारण तो निहारच्या दगडापेक्षा जड होता. शेपटीच्या टोकाशी कापड अजून उघडं होतं. तिनं खल आणि बत्ता दोन्ही आतल्या फासळीला दोऱ्यानं घट्ट बांधले आणि वरून कापड चिकटवून टाकलं. कापड चिकटवणं तिचंच काम होतं, त्यामुळे कुणाला शंका येण्याचं कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तोल बघायचा होता. आबांनी टेबलावर दोन खुंट उभे केले आणि पंखांखाली खूण केलेल्या जागी त्यांवर विमान टेकवलं. नाक किंचित खाली झुकायला हवं होतं. पण शेपटीच खाली गेली.

"असं कसं?" आबा म्हणाले.

"थोडंसं तर आहे. तसंच उडवलं तर?" निहारनं विचारलं.

"शेपटी जड असली की विमान नाक वर काढतं. नाक फार वर गेलं की पंखावरून हवा सुरळीत वाहत नाही, पंखाला आधार मिळत नाही आणि विमान दगडासारखं खाली येतं. म्हणून त्याचा गुरुत्वमध्य (वस्तूचं सगळं वजन जणू एकवटलेलं असतं तो बिंदू) नेमका त्या खुणेपाशी, किंवा जरासा पुढे हवा. झाडूखाली माझं बोट होतं ना, तीच ती जागा."

आबा नाकात शिशाच्या चकत्या घालायला लागले. एक घातली, दुसरी घातली, मूठभर झाल्या तरी शेपटी काही हटेना. शेवटी तोल साधला, तेव्हा आबांनी सगळं विमान वजनकाट्यावर ठेवलं आणि कपाळाला हात लावला. चंद्रावर जाणाऱ्या मालयानात वजनाची मर्यादा फार कडक असते, आणि एवढ्या शिशासह विमान त्या मर्यादेबाहेर गेलं होतं.

सगळी सकाळ आबा आपली आकडेमोड पुन्हा पुन्हा तपासत बसले. मग चष्मा काढून म्हणाले, "कुठेतरी चुकलो बहुतेक. वय झालं, दुसरं काय. राहू दे विमान इथेच."

शाल्मलीच्या मनात उकळ्या फुटल्या. विमान राहणार! निहार जाणार आणि विमान राहणार! पण आबांनी चष्मा पुन्हा लावलाच नाही, नुसता हातात धरून बसले, तेव्हा त्या उकळ्या हळूहळू थंडावल्या. आबांना "चुकलो" म्हणताना तिनं कधीच ऐकलं नव्हतं. आणि ते चुकलेले नव्हते, हे साऱ्या घरात फक्त तिला ठाऊक होतं.

तरीही ती खाली पडलेले कापडाचे तुकडे गोळा करत बसली.

मोटारींचा बारीक घूं-घूं आवाज करत निहार खुर्चीतून उठला. "आबा, शिसं काढा सगळं. आणि माझा दगडही काढू या. त्यामुळेच काहीतरी गडबड झाली असेल. मी तिथे दुसरा ठेवीन, तिथे दगडांना काय तोटा?"

आबांनी शिसं काढलं आणि निहारनं स्वतःच्या हातानं नाकातला दगड उचकटून काढला. विमान पुन्हा खुंटांवर ठेवल्याबरोबर शेपटी धाडकन टेबलावर आदळली आणि नाक पहिल्या वेळेपेक्षाही वर गेलं.

"अरे! वजन कमी केलं तर आणखीच बिघडलं!" निहार म्हणाला. त्याचा चेहरा अगदी पडला होता.

शाल्मली त्या वर गेलेल्या नाकाकडे बघत राहिली. तिनं दगडावर मात करायला खलबत्ता ठेवला होता, आणि तो दगड बिचारा पुढून इतका वेळ तिच्याच खलबत्त्याला तोलून धरत होता. आता तिला राहवेना.

"माझा खलबत्ता शेपटीत आहे," ती म्हणाली. "मीच ठेवला. निहारला नाकात जागा दिलीत आणि मला नाही, म्हणून. मला त्याचा राग येतो. सगळं त्यालाच मिळतं."

निहार तिच्याकडे बघतच राहिला. आता आबा ओरडणार म्हणून तिनं डोळे मिटून घेतले.

"म्हणजे माझा हिशेब बरोबर होता!" आबा जवळजवळ नाचलेच. चष्मा पुन्हा नाकावर चढला. आनंदाच्या भरात ते रागवायचंच विसरले, किंवा विसरल्यासारखं त्यांनी केलं. "आता मला सांग, एवढ्याशा खलबत्त्यानं एवढा घोटाळा कसा केला? मोज. खुणेपासून शेपटी किती लांब?"

शाल्मलीनं कोपरापासून बोटांपर्यंत हात टेकवत मोजलं. "तीन हात."

"आणि खुणेपासून नाक?"

"एकच हात." तिनं कापलेल्या झाडूकडे पाहिलं. "दांड्याचं वजन कमी होतं, पण तो लांबवर पसरला होता. म्हणून त्यानं जड झुपक्याला तोलून धरलं. म्हणजे नुसतं वजन बघायचं नाही, ते किती लांब आहे तेही बघायचं?"

"दोन्हींचा गुणाकार करायचा. त्याला आघूर्ण (वस्तूला एका बाजूला कलवण्याची ताकद) म्हणतात."

"एक खलबत्ता गुणिले तीन हात. नाकाकडे एकच हात, म्हणून तिथे शिसं लागलं तीन खलबत्त्यांएवढं!"

"बरोबर," निहार म्हणाला. "मला एवढं सुचलं नसतं." तो हे मनापासून म्हणाला, हे कळल्यामुळे शाल्मलीला आणखीच ओशाळल्यासारखं झालं.

शेपटीचं कापड तिनं स्वतः फाडलं आणि खलबत्ता बाहेर काढला. निहारचा दगड नाकात परत गेला. विमान खुंटांवर ठेवलं, तसं नाक किंचित, अगदी हवं तेवढं झुकलं.

"आता खलबत्ता कुठे?" आबांनी विचारलं. "तोल न बिघडवता ठेवायचा. तूच शोध जागा."

शाल्मलीनं आबांचा हात धरून त्यांचं बोट सरळ केलं, आणि त्या बोटावर खलबत्ता ठेवला. "इथे. बोटाच्या बरोबर वर. इथे अंतर शून्य, आणि शून्यानं कशालाही गुणलं तरी शून्यच."

आबांनी पंखाखालचा, वैमानिकाच्या पाठीमागचा एक छोटा दरवाजा उघडला. आत एक रिकामी पेटी होती, नेमकी खुणेच्या रेषेत. "ही डाकपेटी. टपाल कधी जास्त असतं, कधी कमी, म्हणून त्याला अशी जागा, की भरलं काय नि रिकामं काय, विमानाला फरक पडू नये. हिच्यात ठेवायच्या वस्तूचं वजनही मी हिशेबात धरून ठेवलं होतं. कुणासाठी ठेवली असेल?"

"मग सांगायचं ना!"

"नंतर बघू म्हटलं होतं की."

"मोठ्यांचं 'नंतर बघू' म्हणजे 'नाही'च असतं, आबा."

आबांनी मान डोलावली आणि पुन्हा असं म्हणणार नाही, असं कबूल केलं.

"पण चंद्रावर हा तोल राहील का?" निहारनं विचारलं. "तिथे सगळंच हलकं होतं."

आबा तोंड उघडणार, तेवढ्यात शाल्मली म्हणाली, "राहील. नाकही सहापट हलकं होणार आणि शेपटीही. बोट आहे तिथेच राहणार."

"आणि उडणार इथल्यापेक्षा सोपं," आबा म्हणाले. "हवा तीच, वजन सहावा हिस्सा. इथे लागतो त्याच्या निम्म्याहून कमी वेगात ते उचललं जाईल. घुमटातली पोरं त्याच्या मागे पळू शकतील. पुढे कधी तिथे माणसांना नेणारी विमानंही होतील, कुणी सांगावं?"

शाल्मलीच्या डोळ्यांपुढे ते विमान आलं, हळूहळू घुमटात तरंगणारं, आणि त्यामागे पळणारा निहार, कुठलाही टेकू न लावता. तिला हेवा अजूनही वाटत होता. खोटं कशाला बोला? पण त्या निहारनं पडू नये, असंही तिला वाटत होतं.

तिनं खलबत्ता डाकपेटीत ठेवला, पण दरवाजा लावला नाही.

"हा तुला दिलेला नाही," ती निहारला म्हणाली. "माझ्या आजीचा आहे. परत हवाय मला. आणि रिकामा नाही."

निहारनं खलात बोट घालून पाहिलं. "यात चंद्र काही फारसा मावायचा नाही."

"मावेल तेवढा चालेल," शाल्मली म्हणाली. "पण दुसऱ्या कुणाबरोबर पाठवू नकोस. तूच घेऊन ये."