काचेतलं पहिलं बटण

"उद्या सकाळी पावणं येणार, अन् बटण गायब!" कुंडलिकने कपाळाला हात लावला.

जुन्नरहून बोरी बुद्रुकपर्यंत गाडी हाकून गोरख आधीच दमला होता. एका बटणासाठी एवढी यातायात, या विचाराने तो पार विटला. हर्षाली मात्र काचेच्या पेटीवर वाकली. गोरख तिचा मदतनीस, ती खासगी तपासनीस.

कुंडलिकचा कारखाना परदेशातल्या भारी पोशाखांना बटणं आणि खोटे दागिने पुरवायचा. रेशीम गुंडाळलेलं कारखान्याचं पहिलं बटण उद्या तिकडच्या पाहुण्यांबरोबर प्रदर्शनाला निघणार होतं. पेटीत आता नुसती चिठ्ठी होती: 'आबांच्या हातचं, १९८१'.

"किल्ली?"

"दारामागं, खिळ्याला. समद्यांना ठाऊक हाय."

बटण ज्या दोऱ्याने मखमलीला शिवलं होतं, तो तिथेच पडला होता. अखंड, कुठेही न कातरलेला. हर्षालीने मोबाईलवर बटणाचा फोटो मोठा केला, मग टेबलावरची नवी बटणं पाहिली.

"हरवलेल्या बटणाचं रेशीम उलटं फिरलंय."

गोरखला सगळी सारखीच दिसली. भिंतीवरच्या फोटोत कुंडलिकचे वडील, आबा, उजव्या हातात सुई धरून हसत होते.

पितळेला झिलई देणाऱ्या धर्माजीच्या गळ्यात कात्री होती. "ॲसिडानं बोटं गेली, ताई. सदऱ्याची गुंडीबी बायको लावती."

म्हाळसाबाई सुरुवातीपासूनच्या कारागीर. डाव्या हाताने चहाचा कप चाचपत म्हणाल्या, "डोळ्यांम्होरं पडदा आलाय, बाई. निस्ती बोटं चालत्यात."

हर्षालीने सगळ्यांना पेटीपाशी बोलावलं. तिचाही आवाज थकलेला होता.

"कात्री लागली असती तर रेशीम दुखावलं असतं. म्हणून चोराने गाठ सोडवली. त्याची या बटणावर माया होती. धर्माजींच्या बोटांना गाठ सुटणार नाही. कुंडलिकरावांना तर उद्या बटण हवंच आहे. आणि ते गुंडाळलंय डावऱ्या हाताने. आबा उजवे होते."

म्हाळसाबाईंनी कनवटीला खोचलेलं बटण काढून टेबलावर ठेवलं.

"इकायला न्हवतं नेलं. नातीनं चिठ्ठी वाचून दावली. ह्ये माझ्या हातचं हाय; आबांना रेशीम गुंडाळायला म्या शिकवलं. आता दुसरं करून दावाया डोळं न्हाईत."

कुंडलिकला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने जुनी चिठ्ठी फाडली, नवा कागद ओढला, 'म्हाळसाबाई' लिहिलं आणि पेन थांबलं.

"म्हाळसाबाई, तुमचं आडनाव काय?"

एका बटणासाठी यातायात म्हणून विटलेल्या गोरखने मान खाली घातली.