खालून वर लिहिणारी माणसं

अक्षरवंशमापक यंत्राला इमारती कळत नाहीत, हे डॉ. हेमांगी कुर्तडीकर सोलापूरच्या आपल्या प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला ऐकवत. इर्शाद मुल्ला रुजू झाला, तेव्हा त्यालाही ऐकवलं. ज्याच्याकडे माणूस पहिलं अक्षर गिरवतो, त्याच्या हाताची वळणं त्याच्या हातात मुरतात; पुढे कितीही शाळा बदलल्या तरी ती जात नाहीत. रेघ कुठून निघते, जोर कुठे पडतो, हे काचेच्या पाटीखालचे संवेदक टिपतात. घरची बोलीही लपत नाही. घरात न बोलल्या जाणाऱ्या शब्दापाशी लेखणी क्षणभर अडतेच.

"मग ते शाळा कशी ओळखतं?" इर्शादने विचारलं.

"तीसपेक्षा जास्त माणसांचा पहिला हात एकच निघाला, की यंत्र त्याला शाळा म्हणतं. नाव आपण मागाहून जोडतो."

सरकारचा नियमही हीच व्याख्या मानत होता. शाळेची कागदपत्रं वाळवीने खाल्ली असतील, तर यंत्राचा दाखला चाले.

लिंबीबाई आडे त्यासाठीच आल्या होत्या. वय पंचावन्न, जन्म तांड्यावरचा, निम्मं आयुष्य ऊसतोडीत गेलेलं. कारखान्याजवळ ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा होती. तिथे मदतनीस हवी होती आणि अट होती चौथी पासची. या जागेवर त्यांचा फार जीव होता. आपण चौथी शिकलो, कागद तेवढे गेले, असं त्यांनी दाखल्यासाठीच्या अर्जात लिहिलं होतं.

पाटीवर त्यांनी दहा ओळी सुरेख लिहिल्या. नाव जोडलेल्या शाळांच्या हातांशी ताडून यंत्राने मात्र स्वच्छ सांगितलं, शाळा नाही. प्रत्येक अक्षर खालून सुरू झालं होतं आणि शिरोरेघ उजवीकडून डावीकडे गेली होती. असं शिकवणारे गुरुजी डॉक्टरांनी उभ्या जन्मात पाहिले नव्हते. लिहायला कुणी शिकवलं, असं त्यांनी हळूच विचारलं.

लिंबीबाईंनी लेखणी खाली ठेवली.

"खोटं लिवलं म्या," त्या म्हणाल्या. "भाऊ दाराकडं तोंड करून पाटीवर लिवायचा. म्या समोर, चुलीपाशी. त्याचा हात उलटाच बघितला. अक्षर मागनं पाटी फिरवून बघायची, पर हात तसाच ऱ्हायला."

डॉक्टरांना फार वाईट वाटलं, आणि तसं त्या बोलल्याही. पण खोटा दाखला त्या देऊ शकत नव्हत्या. लिंबीबाईंनी मान हलवली, पिशवी उचलली.

तपासलेला प्रत्येक हात नोंदवायचा, असा प्रयोगशाळेचा शिरस्ता होता. इर्शादने नोंद केली. नोकरभरतीच्या वेळी जिल्ह्यातल्या दोन लाख माणसांचे हात टिपलेले होते. यंत्र त्यांच्याशी हा नवा हात ताडून पाहू लागलं.

मिनिटभराने पडद्यावर नावं उमटली. एक परिचारिका, एक एसटीचा वाहक, दोन पोलीस. एकूण एकसष्ट. सगळे पुढे वेगवेगळ्या शाळांत गेले होते, पण पहिला हात एकच. इर्शाद नावं वाचू लागला, तशा लिंबीबाई पुन्हा खाली बसल्या. ऊस तोडून आल्यावर खोपटांपुढच्या राखेत आपण पोरांचे हात धरून गिरवून घेत होतो, असं त्यांनी सांगितलं. त्याला शिकवणं म्हणतात, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"चव्हाणांची सुमन हाय का त्यात?" त्यांनी विचारलं. सुमन होती. लिंबीबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

डॉक्टरांनी नियम दोनदा वाचला. एकसष्ट म्हणजे शाळाच, त्यात तसूभरही खोटं नव्हतं. दाखल्यावर शाळेच्या नावापुढे त्यांनी लिहिलं, 'लिंबीबाई आडे'. मग त्या इयत्तेच्या रकान्यापाशी थांबल्या.

"इयत्ता शाळा ठरवते, लिंबीबाई. यंत्राला ते कळत नाही. तुम्हीच सांगा, चौथी पास लिहू?"

लिंबीबाईंनी खरोखरच विचार केला.

"न्हाई. जोडाक्षरं कच्ची हायेत माजी. नोकरीच्या अर्जाला पंधरा दिस हायेत अजून. आज तिसरी लिवा."