तेलुगू सिनेमातली मेंढरं

त्या सोमवारी रोहिणी भांडायच्या तयारीनंच सीडीच्या दुकानात शिरली. बेल्ह्याचा बाजार भरला होता. तिचे वडील बहिरूअण्णा मेंढरांपाशी उभे राहून गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होते आणि हिच्या हातात मागच्या बाजारी नेलेली सीडी होती. कव्हरवर हिंदी सिनेमा, पण आत एक मिशाळ गडी लुंगी दुमडून अख्ख्या गावाला बदडत होता. तो काय बोलत होता त्यातलं एक अक्षर कळेल तर शपथ!

"भलतीच सीडी निघाली," ती म्हणाली.

दुकानदाराचं नाव जालिंदर. गेल्या दिवाळीत त्यानं दुकान टाकलं होतं. सडपातळ, सावळा, जरा बुजराच. त्यानं सीडी उजेडात धरून पाहिली. "तेलुगू हाय. कव्हराची अदलाबदल झाली. ट्रकवाले आणत्यात, टमाटं न्यायला येतात त्ये. थांबा, हिंदी देतो."

"हिंदी नको." रोहिणी अडखळली. तोंडावर आलेलं भांडण कुठं गेलं, तिचं तिलाच कळेना. "असलीच… आनखी हाय का?"

तो हसला. गालावर खळी पडली, आणि रोहिणी उगाचच भिंतीवरची पोस्टरं बघू लागली.

दोन हजार तीन सालची ही गोष्ट. त्यानंतर एक सोमवार चुकला नाही. तमीळ म्हणू नका, तेलुगू म्हणू नका, रोहिणीला वेडच लागलं. सिनेमाची नावं वाचता यायची नाहीत म्हणून तिनं आपलीच नावं ठेवली होती. एक 'नारळवाला', एक 'पुलावरचा', आणि एक 'रडका', ज्याच्यापायी तिनं दोन भाकरी करपवल्या. वेणीत हातभर मोगरा माळलेल्या त्या पोरी, भाताच्या हिरव्यागार खाचरांतून पळत जाणारी गाणी, हिरो नुसता वळला तरी उडणारी धूळ… बी.ए.चं पुस्तक मांडीवर तसंच उघडं राहायचं.

"पण गोष्ट कळत न्हाई वो," ती एकदा म्हणाली.

"मी ट्रकवाल्यांना इचारून लिहून ठिवीन की," जालिंदर म्हणाला. "तुमच्यासाठी… म्हंजे, गिऱ्हाइकांसाठी."

"गिऱ्हाइकांसाठी."

"हां. त्येंच्यासाठीच."

तेव्हापासून प्रत्येक सीडीत एक चिठ्ठी निघू लागली. बारीक, वळणदार अक्षर. रोहिणी आधी चिठ्ठी वाचायची, मग सिनेमा लावायची. एकच गोष्ट तिला खटकायची. पडद्यावर लग्नाचे ताशे वाजत असायचे आणि चिठ्ठीच्या शेवटी मात्र दर वेळी तेच, 'हिरोला सांगायचं होतं, पण राहून गेलं.'

मार्चमध्ये अण्णांनी विहिरीचं काम काढलं. वडाराची साळूबाई आपल्या माणसांबरोबर दगड फोडायला आली. एका दुपारी उन्हाचा तडाखा फार म्हणून रोहिणीच्या आईनं, गजराबाईंनी, तिला घरात ताक प्यायला बोलावलं, तर समोर रोहिणीचा सिनेमा चाललेला. साळूबाई दारातच बसली आणि मध्येच खुदकन हसली.

"मावशी, तुमाला कळतंय?"

"न कळाया काय झालं? आमच्या घरात ह्येच बोलत्यात की. जरा निराळं हाय, पर कळतंय."

रोहिणी सावरून बसली. "मग ही धनगराची पोरगी आता मेंढरं इकून शिकायला जाणार ना?"

साळूबाईनं पडद्याकडं पाहिलं, मग हिच्याकडं. "कुठली धनगराची? ही डाक्टरीन हाय. बाप वकील. मेंढरं कुठनं आली हितं?"

रोहिणीनं उठून ट्रंकेतल्या सगळ्या चिठ्ठ्या काढल्या. हो, सगळ्या जपल्या होत्या, कशासाठी ते तिनं स्वतःला कधी विचारलं नव्हतं. पहिल्या चिठ्ठीतली पोरगी नुसतीच 'लांब केसांची'. तिसरीत ती मेंढपाळाची लेक झाली. पाचवीत तिच्या डाव्या भुवईवर तीळ आला. आणि आठव्या चिठ्ठीत ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, नि चिडली की ओढणीचं टोक चावत होती.

रोहिणीनं तोंडातलं ओढणीचं टोक हळूच काढलं.

आनंदानं नाचावं की रडावं, असं झालं तिला. कारण कालच आईनं सांगितलं होतं, पुढच्या आठवड्यात शुक्रवारी पारनेरकडचे पाहुणे बघायला येणार. मुलगा नोकरीला, घर चांगलं. अण्णा तर होकाराच्याच बेतात होते.

सोमवारी ती दुकानात गेली आणि आठही चिठ्ठ्या काउंटरवर मांडल्या.

"कोणत्या ट्रकवाल्यानं सांगितल्या ह्या गोष्टी?"

जालिंदरचा चेहरा उतरला. "न्हाई… ट्रकवाल्यांना यवढा टाइम कुठं असतो. मीच आपलं बघून…"

"आमच्या घरी साळूमावशीला तेलुगू येतं. नारळवाल्यात मेंढरं न्हाईत. पुलावरच्यात न्हाईत. रडक्यात तर एक शेळीसुदिक न्हाई."

त्याच्या कानाच्या पाळ्या लालभडक झालेल्या.

"आन् सगळ्यात हिरो लगीन करतो. तुमचाच हिरो मुका कसा?"

"मला काय येतच न्हाई तसलं बोलायला," तो पुटपुटला. "लिहायला बसलो की येतं."

"शुक्रवारी पावणं येणार हायेत मला बघाया." ती चिठ्ठ्या गोळा करू लागली. "लिहीत बसायला येळ न्हाई आता."

बाहेर बाजाराचा कालवा चालला होता. आत फक्त पंख्याची खरखर. जालिंदरनं काउंटरची कड घट्ट धरली.

"मला तुमी पायजे," तो म्हणाला. मग श्वास घेऊन, अगदी हळू, "रोहिणी… तू पायजेस."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते तिनं लपवलंही नाही. "मलाबी तूच. पर ह्येच आता अण्णांम्होरं बोलायचं. आत्ता."

त्यानं शटर ओढलं, भर बाजाराच्या वेळी. मेंढरांमधून वाट काढत दोघं अण्णांपाशी आले. अण्णा एका मेंढ्याचे दात बघत होते.

"अण्णा, मी सीडीवाला जालिंदर. आमी आणे गावचे. घरात दुकानाबिगर दोन एकर हाय, आईबाप हायेत. रोहिणीशी मला लगीन करायचंय. तिचं शिकणं थांबू देणार न्हाई."

मेंढा सोडून अण्णा उभे राहिले. त्यांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, मग लेकीकडं पाहिलं. ती मान खाली घालून उभी होती, पण जागची हलली नाही.

"लई पाठ करून आलाय जनू," अण्णा म्हणाले. "कुणी लिहून दिलं?"

"कुणी न्हाई," जालिंदर म्हणाला. "ह्ये नुसतं बोलतोय."

अण्णांनी मेंढ्याचं दावं जालिंदरच्या हातात दिलं. "हे जरा धर. पळू दिऊ नकोस. मी फोन करून येतो. पारनेरवाल्यांना शुक्रवारी येऊ नका म्हनून सांगाया पायजे."