कुठे आहेस?

मालकाने सकाळीच फोन करून सांगितलं होतं, "दुपारी ये आणि तुझ्या भावाचं नाव राउटरमधून काढून टाक. उद्या नवा माणूस येतोय. त्याला जुनी घाण नको."

घाण! धाकटा दातओठ खात आला, पण आला. दुसऱ्या कुणी ते नाव पुसलेलं त्याला बघवलं नसतं.

राउटरची खोली इमारतीच्या तळघरात होती. खिडकी नाही, त्यामुळे बाहेर लख्ख ऊन असलं तरी आत कायम तिन्हीसांज. कपाटात यंत्रं एकसुरी घुमत होती. वरच्या सगळ्या कचेऱ्यांचं इंटरनेट इथून जायचं आणि ते दादा सांभाळायचा. धाकटा शाळेत फार टिकला नाही. जे काही येत होतं ते दादानेच याच स्टुलावर बसवून, टपल्या मारून शिकवलेलं.

"हे बघ ढब्ब्या," दादा म्हणायचा, "आपल्या घरच्या नेटच्या लाइनीचा पत्ता सारखा बदलतो, नाव मात्र तेच राहतं, माझं. म्हणून मी राउटरला लिहून दिलंय, थोड्या थोड्या वेळाने नाव घेऊन विचार, आता तुझा पत्ता काय? जो मिळेल त्यालाच दार उघड, म्हणजे मला घरूनही इथलं काम बघता येतं. बाकीच्यांना हाकल."

"आणि उत्तर नाही आलं तर?"

"तर परत विचारायचं. त्याला कंटाळा येत नाही. ते तुझ्यासारखं नाही."

इमारतीतल्या यंत्रांनाही दादाने नावं ठेवली होती, कारण पत्त्यांचे आकडे ध्यानात राहत नाहीत. वरचा वायफायचा डबा 'गच्ची', मालकाचा फोन 'मालक', धाकट्या भावाचा फोन 'धाकटा'. कुणी नावाने विचारलं की राउटर पत्ता सांगायचा.

दादा स्वतःही तसाच. फोन लावला की पहिला शब्द, "कुठे आहेस?"

"बायको आहे का मी तुझी?" धाकटा खेकसायचा.

मग एक दिवस दादा गच्चीवर तो डबा दुरुस्त करायला चढला, आणि खाली आणला तो चौघांनी उचलून. वायरमध्ये करंट होता.

धाकट्याने स्क्रीन चालू केली. राउटर दादाच्या नावाने विचारत होता. उत्तर नाही. परत विचारत होता. उत्तर नाही. घरचा कॉम्प्युटर चादरीखाली झाकून पडला होता; त्याची वायर धाकट्यानेच उपटली होती. आईसमोर तर दादाचं नाव काढायची सोय नव्हती. अख्ख्या जगात ते नाव घेणारं हे एकच यंत्र उरलं होतं.

"झालं का?" मालक दारात उभा.

"होतंय."

"आटप. आणि जाताना तो डबाही ने." कोपऱ्यात एक पोतं होतं, तोंडाशी गाठ मारलेलं. आत गच्चीवरचा करपलेला डबा, वायर कापून काढलेला.

"मेन स्विच बंद करू नको, वरची कामं थांबतील, असं तुम्हीच सांगितलं होतंत ना त्याला?"

"कोण म्हणतं? त्यानेच बंद केला नाही. हलगर्जी माणूस." मालक जिना चढून गेला.

धाकट्याच्या डोक्यात सणक गेली. "घ्या! होऊ द्या तुमच्या मनासारखं!" म्हणत त्याने दादाचं नाव आणि ते विचारणं एका दमात पुसलं. स्क्रीन गप्प झाली. आता मात्र त्याला हुंदका आवरेना.

किती वेळाने कोण जाणे, त्याला वास आला. जळक्या रबराचा.

स्क्रीनवर एक नवी ओळ उमटली होती. कुणीतरी राउटरला पत्ता विचारत होतं.

विचारणारा: गच्ची.

कुणाचा पत्ता: धाकटा.

राउटरने तो देऊनही टाकला होता. पुन्हा ओळ आली. पुन्हा. तेच विचारणं, न कंटाळता.

धाकट्याने पोत्याकडे पाहिलं. "इथेच..." तो पुटपुटला, "इथेच आहे मी, दादा..."

ओळी थांबल्या. यंत्रांची घरघर तेवढी उरली. मग आणखी एक ओळ आली.

विचारणारा: गच्ची. कुणाचा पत्ता: मालक.

दादाने शिकवल्याप्रमाणे राउटरने लगेच सांगितला.

धाकट्याचा हात प्लगवर गेला. एक हिसका दिला की सगळं बंद. त्याच्या कानात घुमलं... हलगर्जी माणूस. हात तसाच मागे आला.

वास हळूहळू जिन्याकडे सरकला. कोपऱ्यातली गाठ तशीच घट्ट होती, पण पोतं रिकामं होऊन खाली बसलं होतं.

वर कुठेतरी फोन वाजला. दार उघडं असावं, मालकाचा आवाज स्पष्ट खाली आला.

"हॅलो... इथेच, केबिनमध्ये आहे. का? ...कोण बोलतंय?"