वरचा सा

हे कोणाला सांगायचं नाही, असं छायाआत्यानं मला बजावलं होतं. पण ती हल्ली दुपारची झोपत नाही, म्हणून लिहून ठेवते.

छायाआत्या बोरगाव मेघेला बाजाच्या पेट्या दुरुस्त करते. चैत्र संपता संपता तिला अल्लीपूरहून कोकिळाकाकूंचा निरोप आला. त्यांचे यजमान मनोहरराव भजनात पेटी वाजवत. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. आत्या दमलेलीच होती. तरी हत्यारांची पिशवी आणि सुट्या रीडांचा, म्हणजे सूर देणाऱ्या पितळी जिभांचा, पत्र्याचा डबा घेऊन ती बसमध्ये बसली.

काकूंनी दारातच तिला वरखाली न्याहाळलं. "मले वाटलं, बाप्या येईन."

"बाप्याईले सूर कमी ऐकू येते, काकू," आत्या म्हणाली.

काकू हसल्या नाहीत. त्यांचे डोळे खोल गेले होते. घरात वाळत घातलेल्या मिरच्यांचा वास होता, आणि त्याखाली निलगिरीच्या तेलाचा.

आत्या भाता हलवून सा पासून एकेक पट्टी दाबत वर गेली. स्वर नेहमीपेक्षा लांब ढांगा टाकत होते. वरचा सा यायला हवा होता, तो आलाच नाही. तेराव्या ढांगेला पेटी थेट वरच्या पंचमावर पोचली आणि तिथून तसलीच नवी चढण सुरू झाली. जिना चढत राहावं आणि मजलाच लागू नये, तसं तिला झालं. पेटी बिघडली नव्हती. एकेक रीड कोणीतरी बदलून, बारीक कानशीनं घासून बसवलं होतं.

मग काकूंनी सांगितलं. दुखणं बरं होणार नाही हे कळल्यावर मनोहरराव छातीला निलगिरी चोळून सहा महिने तेच करत बसले. वरच्या सा वर पोचलं की गाणं संपतं, म्हणायचे, पोचायचंच नाही. आता रोज दुपारी तीन वाजता, ते गेले त्या वेळेला, पेटी आपली आपण वाजते. चढत राहते. तो न संपलेला सूर रात्रभर कानात राहायचा; वर्षभर काकूंचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"पुरी पेटी लावाले चार दिवस लागन," आत्या म्हणाली.

"पुरी नको. वरचा सा तेवढा दे... त्याईले घरी पोचू दे, माय. मी थकली."

आत्यानं वरच्या सा च्या पट्टीचं रीड काढलं आणि डब्यातलं दुसरं बसवलं. तीन वाजायला आले, तशा दोघी भिंतीशी सरकल्या. भात्याला कडी घातलेली होती, तरी तो हळूच उघडला. स्वर चढू लागले... अकरा... आणि बाराव्याला, मागे वळून, वरचा सा लागला. बराच वेळ टिकला. मग भाता मिटला. निलगिरीचा वास विरत गेला. आत्यानं वळून पाहिलं, तर काकू बसल्या जागी घोरत होत्या.

इथवर बरंच झालं. पण पेटीवाले जुनं रीड फेकत नाहीत. मनोहररावांनी घासलेलं ते रीड आत्यानं सवयीनं डब्यात टाकलं होतं.

तो डबा आमच्या फळीवर असतो. तीन वाजता त्यातून चढत जाणारा बारीक आवाज येतो आणि आत्या त्याच्याकडे बघत बसून राहते. नदीत टाकून दे, मी म्हटलं.

"कोणतं टाकू, आचल? दोनशे हायेत... सारखीच दिसते सगळी."

म्हणून काल ती बाजारात गेल्यावर मी एकेक रीड ओठांत धरून फुंकलं. सत्तेचाळिसावं ते होतं; फुंकर थांबवली तरी सूर चढत राहिला.

आत्या आतून हाक मारतेय. मी 'आले' म्हटलं, पण तो शब्द वर चढत गेला आणि अजून