जुना माल परत

मोबाईल खिशात घाला बघू. त्या उजेडात तुमचीच तोंडं भुतासारखी दिसतात. आणि हसू नका, रविकुमार तुमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक आहे. हळ्ळीखेडच्या स्टँडजवळ टीव्ही, मिक्सर, अँप्लिफायर दुरुस्त करायचा तोच. आता त्या दुकानात त्याची बायको शिवलीला बसते आणि तिथे फक्त मोबाईलची कव्हरं मिळतात. असं का झालं, ते सांगतो.

रविकुमारच्या हाताला गुण होता. मीटर वगैरे सगळं असून त्याचा खरा भरवसा उजव्या अंगठ्यावर. मशीन थोडा वेळ चालवायचं, बंद करायचं, आणि बोर्डावरच्या एकेका पार्टावर अंगठा टेकवत जायचं. जो नको तेवढा तापलाय, तोच चोर. लहानपणी ज्वारी कापताना विळा लागून त्या अंगठ्याच्या पोटावर तिरपा काप पडला होता. तो काप दाखवून म्हणायचा, 'माझं घर ह्याच्यावर चालतंय.' खोटं नव्हतं ते.

त्याचा आणखी एक नेम होता. जळका पार्ट काढला की तो कागदाच्या पुडीत बांधून गिऱ्हाइकाला परत द्यायचा. आमच्याकडे ही रीतच आहे, नाहीतर गिऱ्हाईक म्हणतं, नवं काही घातलंच नाही, नुसती धूळ झटकून दिली. 'जुना माल परत' अशी पाटीच लावली होती त्याने दुकानात. यात त्याची कधी चूक झाली नाही. एकदाच झाली.

गेल्या साली येळामावसेला, मार्गशीर्षातल्या अमावस्येला. येळामावसेला आपल्याकडे गावात कोण राहतं? घरोघर कुलूप. आंबिलीचा बिंदगा, भज्जीचं पातेलं डोक्यावर घेऊन माणसं रानात. शिवलीलाही सकाळीच निघाली होती.

"सणाच्या दिवशी कामून दुकान उघडायलाव?" ती म्हणाली. "एक दिस मशीन पडून ऱ्हायलं तर काय बिघडतंय?"

"उद्या त्यांची जत्रा हाय गं. एवढं करतो अन् दिवस बुडायच्या आत रानात येतो."

मशीन कोहिनूर गावच्या पिराप्पाचं. जुना प्रोजेक्टर, ट्रंकेएवढा. पिराप्पाचा थोरला भाऊ माउली जत्रेजत्रेत पांढरं कापड बांधून सिनेमा दाखवायचा. माणूस विखारी. मशीनला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला खपायचा नाही. एकदा पिराप्पाने भिंग पुसलं, तर भर जत्रेत त्याच्या कानाखाली वाजवली होती. माउली मेला आणि मशीन माळ्यावर गेलं. आता पिराप्पाला धंदा परत सुरू करायचा होता.

मशीन ठेवून घेताना रविकुमारने सहज विचारलं होतं, "तुमचा दादा कशानं गेला?"

"गेला की... एकाएकी," पिराप्पा म्हणाला आणि गाडीला किक मारली. त्या गड्याने तेव्हाच खरं सांगितलं असतं तर मी आज ही गोष्ट सांगत बसलो नसतो. मला अजून राग येतो त्याचा.

रविकुमारने पेटी खोलली. बोर्डाचा एक कोपरा काळाठिक्कर. दोन कपॅसिटर फुगून फुटलेले, एक रेझिस्टन्स पार कोळसा, शेजारचा ट्रान्झिस्टर तडकलेला. त्यांच्यामध्ये बोर्डाला काहीतरी काळं, कडक चिकटून बसलं होतं. जळालेलं प्लास्टिक असेल, असं त्याला वाटलं. ब्लेडने खरवडलं. निघता निघेना. शेवटी खपलीसारखं सुटलं, ते त्याने कचऱ्याच्या डब्यात टाकलं. जळके पार्ट मात्र नेमाने पुडीत बांधले.

काम वाढत गेलं. बोर्डावरचे तांब्याचे रस्तेच जळाले होते, तिथे तारा जोडाव्या लागल्या. अंधार पडला तरी गडी दुकानातच. थंडी वाजायला लागली तेव्हा त्याने कचऱ्याचा डबा दारासमोर उपडा केला, कचरा पेटवला आणि हात शेकले. काहीतरी चरचरलं. घाण वास आला. तो आत आला, शटर गुडघ्याएवढं उघडं ठेवून खाली ओढलं आणि सोल्डरिंगचा शेवटचा डाग द्यायला बसला.

बाहेर सगळा बाजार बंद. अमावस्येची रात्र. गावात माणूस नाही.

"झालं का?"

शटरच्या बाहेरून आवाज आला. घोगरा. रविकुमारला वाटलं पिराप्पाच, घाई झाली असेल.

"सकाळी या म्हणलो होतो की, पिराप्पा. चालू करून बघायचं ऱ्हायलंय."

"जुना माल दे."

रविकुमार मनात म्हणाला, घ्या, भरवसाच नाही माणसाला. त्याने बसल्या जागेवरून पुडी शटरखाली सरकवली. बाहेरून एक हात आला. पुडी उचलायला गेला. पुडी निसटली. परत धरली, परत निसटली. शेवटी त्या हाताने बोटं वाकवून ती ओढून नेली.

कागद उलगडल्याचा आवाज.

"अजून एक हाय."

"न्हाई ओ. होता तेवढा सगळा दिला."

"अजून एक हाय."

हात पुन्हा शटरखाली आला. तळवा वर करून. ट्यूबच्या उजेडात रविकुमारने तो नीट बघितला.

चार बोटं होती. अंगठ्याच्या जागी काळं, सपाट...

हात तिथेच होता. हलत नव्हता. रविकुमारने मोबाईल काढला आणि पिराप्पाला लावला. उचलला माउलीच्या बायकोने, नागूबाईने.

"अक्का, पिराप्पा कुठं हाय?"

"घरात झोपलाय की. रानातून आला अन् पडला. कामून?"

"अक्का... खरं सांगा. माउली अण्णा कशानं गेले?"

"पिराप्पानं सांगितलं न्हाई व्हय?" ती हळू बोलायला लागली. "त्याच मशीननं घेतलं की त्यांना. चालू मशीनमध्ये हात घालून बघायलते. ओढून काढलं तर... अंगठा न्हवता. लई हुडकलं. घावलाच न्हाई. तसंच मातीत ठेवलो आम्ही, अर्धवट." मग एकदम तिचा आवाज बदलला. "अण्णा, मशीनमध्ये कायतरी घावलं का तुमाला? घावलं असंल तर द्या. आमच्यात माणूस पुरा मातीत जायला लागतो. मी येते न्यायला. आत्ता येते."

रविकुमारच्या हातातून फोन गळला.

खरवडलेली खपली. डबा. शेकोटी. त्या जाळावर शेकलेले आपले हात.

"दे."

"न्हाई माझ्याकडं..." त्याला रडू फुटलं. खरं सांगतो, रविकुमार भित्रा नाही. पण रडला तो. "चुकलं ओ. मला ठाऊक न्हवतं. जळून गेला तो..."

हात मागे गेला.

त्याला वाटलं, गेलं.

"मग तुझा दे."

आवाज बाहेरून नव्हता आला. टेबलापलीकडून आला होता.

ट्यूब गेली.

त्याने उजवी मूठ आवळली, अंगठा आत दाबून, छातीशी धरली. काहीतरी गार त्याच्या मनगटाला लागलं. बोटं उघडायला लागलं. एकेक. घाई नाही. करंगळी... तिच्या शेजारचं... तो ओरडला. गावात ऐकायला कोण होतं?

अंगठा मोकळा झाला.

ओढला गेला.

बोर्डावर टेकला.

प्रोजेक्टर आपोआप पेटला. भिंतीवर पांढराफेक उजेड. चरचर आवाज. तोच वास...

मग काहीच नाही.

शिवलीला वाट बघून बघून दिराला घेऊन आली तेव्हा शटर पूर्ण खाली होतं. उघडलं तर रविकुमार जमिनीवर बसलेला, अंगठ्याला फडकं घट्ट गुंडाळून. "काय झालं ओ?" तिने विचारलं. तो म्हणाला, "भाजलंय." फडकं सोडू देईना. घरी नेलं, ताप चढला, तरी सोडू देईना.

नागूबाई रात्री आली ती बंद शटर बघून परत गेली होती; सकाळी पिराप्पा येऊन मशीन घेऊन गेला. मशीन झकास चालत होतं. आणि दिवस बुडाल्यावर त्याचा फोन.

"अण्णा, पडद्यावर कसलातरी डाग यायलाय. भिंग पुसलो, तरी जाईना. जरा येताव का?"

शिवलीला नको नको म्हणत असताना रविकुमार भावाच्या गाडीवर बसून कोहिनूरला गेला. जत्रेत ही गर्दी. पांढऱ्या कापडावर सिनेमा अजून लागलेला नव्हता, नुसता उजेड होता. त्या उजेडाच्या मधोमध, माणसाहून उंच, अंगठ्याचा ठसा. रेघ न् रेघ मोजून घ्यावी असा. पोरं हसत होती. 'कुणी लावला रे अंगठा?' म्हणून शिट्ट्या मारत होती. नागूबाई एका बाजूला उभी होती, ती हसत नव्हती.

रविकुमारला बघून पिराप्पाने मशीनच बंद केलं. कुणीतरी मंडपातला बल्ब लावला. कापडावर आता कसलाच उजेड नव्हता.

ठसा तसाच होता.

त्याच्या पोटावरून एक तिरपी रेघ गेली होती. विळ्याने कापावं तशी.

रविकुमारने फडक्याची गाठ दाताने सोडली. फडकं उलगडलं. बल्बाखाली हात धरला. फोड नव्हता. डाग नव्हता. अंगठा जागेवर होता, शाबूत, काचेसारखा गुळगुळीत. त्याने तो तापलेल्या बल्बावर टेकवला आणि तसाच ठेवला. भावाने हात ओढून काढला तेव्हा त्याने विचारलं, "कामून ओढायलास? गरम हाय व्हय?"

काप नव्हता अंगठ्यावर.